करपट

लोरेन कोव्हाच तळघरात पेडल बनवते,
अ‍ॅक्रनच्या उत्तरेला. टायरचा कारखाना बंद पडल्यावर
जी घरं स्वस्त झाली त्यांतलं एक.
जिना उतरताना मी डोकं वाकवतो.
ती म्हणते, तुला गरज नाही, उंची बघ स्वतःची.

टेबलावर सोल्डरची गुंडाळी, खोकल्याच्या गोळ्यांचे पत्र्याचे डबे,
आणि फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीला टेकून,
जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर.
साठ वर्षांचे झाले. उन्हाळ्यात रुसतात.
शंभरांतले सहा कामाचे निघतात,
उरलेले चौऱ्याण्णव ती टाकत नाही.

माझ्याकडे तिची तीन पेडलं.
निळं ट्रेमोलो, चार जिने चढून आल्यासारखं.
हिरवं डीले. त्याच्या आत म्हणे बादल्यांची रांग,
आवाज या हातातून त्या हातात,
आणि दर हाताला थोडा सांडतो.
पाचव्यांदा येतो तेव्हा सूर नसतो, ओल असते.
तिसरं पितळी. फझ. अनुक्रमांक सतरा.
शलाकाला मी त्याची अर्धीच किंमत सांगितली आहे.
लोरेनलाही सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर.

मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तंबोऱ्यांचं दुकान होतं.
म्हातारे कारागीर घोडीवर कानस फिरवत,
तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवत,
आणि एकदम तार वाजायची थांबून
बोलायला लागे.
लागली जवारी, म्हणत, आणि चहा मागवत.
सतरावर पाय ठेवला की
मला अजून चहाची तल्लफ येते.

जानेवारीत सतरा गप्प झालं.
बर्फातून घेऊन गेलो, स्वेटरमध्ये गुंडाळून.
लोरेननं पोट उघडलं, एक टाका उसवला, एक घातला.
वाजव, म्हणाली.
वाजवलं. ती पेडलकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.
वरचे सूर मला दोन वर्षं ऐकू येत नाहीत,
घरातलं दूध संपलंय अशा आवाजात म्हणाली.
तू सांग. कसं आहे?

वॉर्म, मी म्हणालो.
वॉर्म सगळेच म्हणतात, ती म्हणाली, स्वेटरलाही म्हणतात.
मग माझ्या तोंडून निघून गेलं: करपट.
म्हणजे?
म्हणजे दूध खाली लागलंय पातेल्याला, नुकतंच,
ओतून देण्याइतकं नाही.
गॅस बंद केलास, वास उरला,
आणि ते तू पितेस, कारण आता त्याला चव आहे.
ढेकरही करपट असते, हे सांगितलं नाही.

तिनं स्क्रू केसभर फिरवला.
आता?
कमी करपट.
मागे घेऊ?
घे. अजून. अजून थोडं. थांब.
वर हीटर धडधडत चालू झाला, बंद झाला.
आम्ही तिथेच, तिचा हात, माझा कान.
निघताना म्हणाली, लिहून दे तो शब्द.
विजेच्या बिलाच्या मागे लिहून दिला.

मार्चमध्ये तिनं बोलावून दाखवलं.
बारा डबे, विटकरी रंग, वाळलेले.
बाराही डब्यांवर माझं अक्षर, काना न् काना सांभाळलेलं,
फक्त वरची रेघ तिनं खाली ओढली होती.
अधोरेखित केलं आहेस ना तू, म्हणाली,
चुकून वर गेली होती, मी सरळ केली.
छान दिसतंय, मी म्हणालो. दिसतच होतं.

एक टल्साला गेलं. एक मी घेतलं,
या वेळी शलाकाला पूर्ण किंमत सांगून.
पायमोज्यातला पाय अक्षरावर ठेवतो,
खटका लागतो,
आणि चाळिशी उलटली तरी
हात तारा सोडून आधी कपाळाशी जातो.
तेवढा वेळ वाजवणारं कुणी नसतं खोलीत.
हिरवं मात्र बादल्या पुढे देत राहतं.