दोन घंट्या

पहिले सहा आठवडे उजवा हात माझा नव्हता.
झोळीत बसलेला, पोटाशी धरलेला,
कळ्याच्या बाजारातून आणलेल्या कोंबडीसारखा
गरम आणि गप्प.
असल्या कोंबडीचं तिकीट फाडायचं की नाही
यावर मी सव्वीस वर्षं भांडलेय.

फोटो उजेडाला धरून डॉक्टर शिरगुप्पे म्हणाले,
सांधा उलटा बसवलाय.
गोळा होता तिथं वाटी,
वाटी होती तिथं गोळा.
म्हटलं, म्हणजे ड्रायव्हर मागं आणि कंडक्टर पुढं?
ते हसले नाहीत.
झीज वयाची, म्हणाले.
असेल.
डावा खांदाही त्याच वयाचा आहे.

रात्री आडवं व्हायचं नाही.
आरामखुर्ची, कोपराखाली उशी,
आणि कळ आली की मी गाडी सोडते :
फुलेवाडी, बालिंगे, दोनवडे, कोपार्डे,
कळ्यात चहाला दहा मिनिटं,
साळवण…
असळजच्या पुढं मला काही आठवत नाही.
जाग येते तेव्हा गंगावेशीत म्हशी आलेल्या,
धारेचा आवाज भांड्यात आधी पातळ, मग जाड.
कट्ट्यावरचा दुधाचा पेला
उजव्या हातानं उचलायचा नाही अजून.
कपबशी चालेल, म्हणालेत. भरलेली नको.

निलोफर येते मंगळवारी आणि शुक्रवारी.
टेबलाला धरून वाका, मावशी,
हात सोडून द्या, लोंबू दे,
तो आपोआप फिरेल, तुम्ही फिरवू नका.
हे सगळ्यात अवघड.
उभ्या जन्मात मी काही लोंबू दिलेलं नाही,
ना लेडीज सीटवरचा वाद, ना सुट्टे पैसे.

मग तिनं दारावर कप्पी ठोकली
आणि कप्पीवरून दोरी सोडली.
चांगल्या हातानं खाली ओढा, दुखरा वर जाऊ दे.
मी दोरीकडं बघत राहिले.
ही पण दोरीच?
एक ओढली की थांब, दोन ओढल्या की चल.
चाळीस थांबे, रोजच्या चार फेऱ्या, सव्वीस वर्षं…
निलोफरनं मोबाईलवर हिशेब मांडला,
आकडा बघितला,
आणि मला न दाखवताच पुसून टाकला.

दहा वेळा ओढा.
मी प्रत्येक वेळी मनात दोनच घंट्या देते.

अंबाबाईच्या दारात यंत्र किंचाळलं.
पोलीस पोरगी म्हणाली, आत काय आहे मावशी?
म्हटलं, कारखान्याचा माल.
कार्ड दाखवलं. एका हातानं नमस्कार केला.
देवीला चालला. मागच्या बाईला नाही चालला.

केसांचं मात्र रोज सर्जेरावांकडं.
तालमीत चुरगाळलेले कान,
बोटं अशी की समोरच्याचा लंगोट सुटू नये,
आणि त्या बोटांत माझी वेणी.
हालू नकोस की, म्हणतात,
आणि स्वतःच श्वास धरून ठेवतात.
पहिल्या दिवशी जुडा कानावर आला.
पंधराव्या दिवशी शेजारची आक्काताई म्हणाली,
कुठल्या पार्लरात जातीस गं?
त्या दिवशी ते रात्रभर मिशीला हात लावत होते.

काल ते दळण आणायला गेले होते.
मी भिंतीवर बोटं चालवत होते,
खडूची खूण कालची, परवाची,
आणि हात पुढं गेला.
खुणेच्या पुढं. खिळ्याच्या पुढं.
तिथून सरळ डोक्यावर.
थोडं कळलं, थोडं खटकलं आत.
कंगवा घेतला. जुडा घातला.
वाकडा. पण माझा.

आरशात बघितला दोन्ही बाजूंनी.
जिन्यावर चप्पल करकरली,
पिठाचा डबा खाली ठेवल्याचा आवाज.

मी आकडे काढले, दातांत धरले,
केस मोकळे सोडले पाठीवर,
आणि म्हटलं, आलात?
कंगवा घेऊन या की जरा.