बगळ्याची पाटी

हे कार्ड कुठे चालतं, विचारता?
जिथे खांबावर निळा बगळा दिसेल, तिथे.
बगळा नसेल तर गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडा त्यानं,
त्या कामाला बरं आहे.
दुसरं एक असतं, कोपऱ्यात बँकांचं चिन्ह छापलेलं,
ते किराण्याला, दाताच्या डॉक्टरला, कुठेही चालतं.
हे तसलं नव्हे.
हे म्हाताऱ्या कुत्र्यासारखं, एकाच दारात शेपूट हलवतं.

दिवसातून दहादा सांगतो मी हे,
काउंटरमागे, करपलेल्या कॉफीच्या वासात,
मोंटानाच्या या सपाट टोकाला.
गॅलनमागे सहा सेंट सूट, हो,
पण आज नाही, महिन्याच्या बिलात वजा होईल.
बिल थकवलंत तर व्याज असं चढतं
की ते सहा सेंट बॅटरी घेऊन शोधावे लागतात.
आणि पंप आधी शंभर डॉलर अडवून ठेवतो,
तुम्ही वीसचंच भरलंत तरी.
दोन दिवसांत सोडतो. घाबरू नका.
(ड्वेन ट्रकवाला दर खेपेला घाबरतो.)

मग पंप विचारतो पोस्टाचा कोड.
कार्ड चोरणाऱ्याला ठाऊक नसतं
तुमचं बिल कुठल्या गावी जातं.
एवढाच पहारा. पाच आकडे.

मर्ना हॉगस्टाड गुरुवारी यायची.
हिरवी ब्यूक, मागच्या सीटवर
पियानोच्या तारेचं वेटोळं, अजून तसंच.
कार्ड तिच्या नावचं. ऑर्लिनला बँका दारात उभं करत नसत.
तिच्या कार्डावर तो एकतीस वर्षं हिंडला,
शाळांचे, चर्चचे, दारूच्या गुत्त्यांचे
पियानो सुरात लावत,
बगळ्यापासून बगळ्यापर्यंत.

आकडे दाबताना तिचे ओठ हलायचे.
एकदा मी म्हटलं, हे आकडे आपल्या गावाचे नाहीत.
"नाहीतच. सोल्बर्गचे."
काय आहे आता तिथे?
"धान्याचं कोठार. बंद.
आणि आमच्या स्वयंपाकघराच्या पायऱ्या.
घर नाही. पायऱ्या आहेत."
बिल परस्पर बँकेतून जायचं,
पत्ता बदलायचा फोन तेवढा राहिला होता.
"आधी राहिला," ती म्हणाली,
"मग राहू दिला."

ऑक्टोबरात मालकानं पंप विकले.
सोमवारपासून पिवळा तारा. बगळ्याची कार्डं बंद.
जवळचा बगळा आता चौऱ्याण्णव मैलांवर.
मी सगळ्यांना फॉर्म देत होतो:
दोन मिनिटांचं काम, फक्त पत्ता सध्याचा लिहा.

त्या गुरुवारी तिची टाकी जवळजवळ भरलेलीच होती.
तरी तिनं नळी लावली.
पंपानं विचारलं. तिनं सांगितलं.
तीन गॅलन मावलं, मग खट्.
पावती हवी का?
कधी नाही ते तिनं हो दाबलं,
आणि कागद, नेहमीप्रमाणे, संपलेला.

आत आली. मी छापून दिली.
तिनं चष्मा लावून वाचली, उलटून पाठही पाहिली.
पंप क्रमांक चार. अकरा डॉलर सात सेंट.
कार्डाचे शेवटचे चार आकडे.
"कोड नाही यावर."
तो छापत नाहीत, मी म्हटलं.
"मग तू लक्षात ठेव," म्हणाली, आणि सांगितला,
सावकाश, फोनवर सांगतात तसा,
दोनदा.
फॉर्म तिथेच काउंटरवर राहिला.

सोमवारी बगळा उतरवला.
खाली आल्यावर केवढा मोठा निघाला,
ट्रकमध्ये मावेना, चोच बाहेर.

काल रात्री गिऱ्हाईक नव्हतं.
माझ्याच गाडीला, माझंच कार्ड,
आणि कोड तिचा टाकून पाहिला.
पंप थोडा वेळ थांबला.
मग पडद्यावर अक्षरं आली:
आत जाऊन कॅशियरला भेटा.

आत दिवा चालू होता.
काउंटरमागे कुणी नव्हतं.