चित्र क्रमांक एकोणीस

फहाहीलमधल्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
एसी सोडून कुणीच सलग बोलत नाही.
बाहेर पहाटेपासून धूळ. समोरची मशीद
दिसते, पुसली जाते, परत दिसते.

तुझं नाव काय?
"तेतती."
आई घाईघाईने: केतकी, केतकी म्हणतेय ती.
कळलं मला, म्हटलं. तुम्ही नुसत्या बसा.
आईला नुसतं बसणं जमेना.

चाचणीची वही जाड, माझ्याआधी तिघींनी वापरलेली.
नियम सोपे. चित्र दाखवा, शब्द सुचवू नका,
मान हलवू नका, हसू नका.
सगळ्यांना सारखंच विचारा, म्हणजे
सगळी मुलं सारखी मोजता येतील.

चावीला ती "टी" म्हणाली. केकला "टेट".
बर्फगाडी पाहिली आणि पान उलटायला लागली.
खारीकडे बराच वेळ बघून
"माऊची शेपूट फुगली."

एकोणिसावं चित्र: उतरतं छप्पर, वर धुरांडं, धूर.
तिने ताबडतोब बोट ठेवलं,
"बाबांची तंपनी."

त्या बाजूच्या खिडकीतून, धूळ नसती तर,
दिसली असती रिफायनरीची ज्योत,
रात्रपाळीची, दिवसपाळीची, सणावाराची एकच.
मी रकान्यात शून्य लिहिलं. अपेक्षित शब्द आला नाही.
खरं तर त्या शब्दात ती दोनदा चुकली होती
आणि एकदा बरोबर होती.
त्या एकदाला रकाना नव्हता.

मध्येच तिला तहान लागली.
दाराशी बाटली घेऊन बसलेल्या शोभनाचेचीला म्हणाली,
"चेची, वेळ्ळम्."
ळ असा, की जीभ टाळूवरून सावकाश घरंगळावी,
आणि एक नाही, दोन, एकमेकांवर रेललेले.
माझा आतेभाऊ दहा वर्षांचा होईतो
शालेत जायचा, केली खायचा.
हिला साडेपाचव्या वर्षी कोल्लमच्या बाईकडून
पाण्यासोबत ळ मिळाला.
वहीत ळ विचारतच नाहीत.

शेवटी तक्ता. कुठल्याशा थंड गावातली नऊशे मुलं,
बहुतेक रेनकोट असलेली.
शंभरांच्या रांगेत केतकी उभी राहिली
मागून सहावी.

आईने आकडा पाहिला. "नापास?"
मग हळू आवाजात,
"घरात मराठी बंद करू का?
शाळेतल्या मॅडम म्हणत होत्या."

नको, म्हटलं. एवढ्या जोरात
की चेचीने वर पाहिलं.
क मराठीत पडतो तसाच इंग्रजीत पडतो,
तुमच्या खुबूसचं थुबूस होतं तेही त्यातलंच.
जीभ पुढे पळते, तिला मागे थांबायला शिकवू.
सहा महिने, कदाचित जास्त.

हे मला वहीनेच सांगितलं, नाकारत नाही.
वही खोटं बोलत नाही.
तिला जेवढं विचारता येतं तेवढंच विचारते.
बाकीचं मी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं:
कबूतर, खजूर, काका, कावळा, कुवेत, कंपनी.
या यादीला तक्ता नाही.

लिफ्टपाशी वॉचमन वाकला, मिसरचा म्हातारा,
नाव विचारलं. तिने सांगितलं.
"अहलन, तेतती!" छातीवर हात ठेवून तो म्हणाला.

ती चिडली. पाय आपटला.
"तेतती नाही!" आणि मग,
बहिऱ्याला सांगावं तसं, एकेक अक्षर सुटं करून,
"ते. त. ती."

लिफ्टचं दार मिटलं.
मी तशीच उभी, हातात वही.
तिला ऐकू येत होता तो, तिच्याच नावातला क.
चुकलो होतो ते आम्ही.