पॅनकेकच्या पैशांवर

अग्निशमन केंद्रातला बंब बाहेर उभा करून
आत टेबलं मांडली होती, माझ्यासाठी.
माणशी सहा डॉलर, पॅनकेक पोटभर.
वही अजून आहे. पाकाचे डाग आहेत तिच्यावर.
एडना श्लेक : अकरा डॉलर, सगळी चिल्लर.
व्हर्न कुबिचेक : वीस, आणि पक्षाला एक शिवी.
धाकट्या ऱ्होडाने तिचा पडलेला दात देऊ केला,
उशीखाली ठेवला की दाताचे पैसे येतात म्हणे.
तो मी घेतला नाही.
आता वाटतं, घ्यायला हवा होता.

मी वजनकाट्यावर काम करते.
ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो,
मधला फरक म्हणजे मका.
एवढंच राजकारण मला येत होतं
एकोणिसाव्या वर्षी, नेब्रास्काहून निघताना,
आणि पिशवीत होता जाहीरनाम्यासाठी एक परिच्छेद :
विहिरींतल्या नायट्रेटबद्दल, सहा ओळी,
त्यातली पाचवी आईने खोडून पुन्हा लिहिलेली.

पहिल्या दिवशी टोपी मिळाली. फोमचं कणीस.
"घाल की, लॉर्ना, कॅमेरे वळतात त्याने."
वळलेही. दोन सेकंद मी देशभर होते,
तोंडात अर्धा प्रेट्झेल.
आमची पाटी पार मागे, एका खांबाच्या आडोशाला.
भाषणं खांबापलीकडे व्हायची.
आग विझवताना बादल्या हातोहात येतात
तशा टाळ्या यायच्या पुढच्या रांगांतून,
आपल्यापाशी आल्या की आपणही मागे द्यायच्या,
आत काय आहे ते न बघता.

मी दिल्या. खोटं कशाला बोलू.
घसा बसेपर्यंत दिल्या,
प्वेर्तो रिकोच्या बायकांबरोबर खुर्च्यांमधून नाचले,
ज्याचं नाव धड घेता येत नव्हतं
अशा एका राज्यपालासाठी रडलेसुद्धा.

माझा परिच्छेद तिसऱ्या रात्री आला,
पावणेबाराला, तळघरात, खोली नऊमध्ये.
समितीचे चौदा जण. त्यातले चार जागे.
"दोन मिनिटं," अध्यक्षबाई म्हणाल्या.
वाईट नव्हत्या त्या. पाय सुजले होते त्यांचे,
बूट टेबलाखाली काढून ठेवलेले.
मी वाचायला लागले.
दाराबाहेर कुणीतरी गालिचा साफ करत होतं,
पहिल्या ओळीवर यंत्र घरघरत राहिलं.
तिसऱ्या ओळीला थांबलं.
आईची ओळ मी पूर्ण शांततेत वाचली :
आमच्या नळाचं पाणी बाळाच्या दुधात घालायला मनाई आहे.

"सूचनेची नोंद घेतली आहे."
खुर्च्या सरकल्या. दिवे अर्धे झाले.

छातीवर 'तेस्फाय' लिहिलेला माणूस
वायर कोपराभोवती गुंडाळत म्हणाला,
"मग पाणी आणता कुठून?"
चौदा मैलांवरून. पिकअपमधून. सहा पिंपं.
"झाकणं घट्ट बसतात?"
एकाचं नाही बसत. घरी येईस्तोवर तळहातभर कमी होतं.
"झाकणाखाली ओलं फडकं घाला. जाड. घडी करून.
आम्ही लहानपणी असंच आणायचो."
एवढं बोलून त्याने यंत्र चालू केलं.

शेवटच्या रात्री फुगे पडले.
हजारो. एकेक मोजून सोडल्यासारखे सावकाश.
सगळे वर बघत होते, मीही,
आणि सवयीने मनात वजन करत होते :
भरलेलं सभागृह वजा रिकामं सभागृह.
आकडा जमेना.

परतल्यावर पुन्हा बंब बाहेर, टेबलं आत.
मी टोपी दाखवली. फुगे सांगितले, राज्यपाल सांगितला.
"परिच्छेदाचं काय झालं?" एडनाने विचारलं.
नोंद घेतली, म्हणाले.
कुणी काही बोललं नाही. कॉफी ओतल्याचा आवाज.
मग, काहीतरी सांगायला हवं म्हणून,
मी ओल्या फडक्याचं सांगितलं.

व्हर्न रविवारी शिव्या देत करून बघायला गेला.
सोमवारी काट्यावर आला, ट्रक उभा केला,
खिडकीतून फक्त एवढंच म्हणाला,
"सांडत नाही."

वहीत ते मी लिहून ठेवलंय.
तेस्फाय : एक फडकं.
जमेच्या बाजूला, कुबिचेकच्या खाली.