तिसरं नख

साबण लावायचा नाही, पाणी ओतायचं नाही.
नुसते तळवे ओले करून
शेपटीकडून मानेकडे, मग मानेकडून शेपटीकडे.
मेलेला केस हाताला चिकटून येतो.
महिनाभर रोज रात्री, जेलरोडच्या गच्चीत,
पिंजऱ्यावर गोणपाट, माझ्या डोक्याला माकडटोपी
आणि माझ्या स्वेटरवर तिचा दुसरा स्वेटर.

नाव भुरी.
पळशातले द्राक्षवाले मेहुणे हात जोडतात,
दाजी, दुसरं काही सुचलंच नाही?
पण रंगच तसा. मानेमागे फुंकर मारली
की लोकरीत एक वर्तुळ उघडतं,
तळाशी पाटीचा निळा, वर मोतिया, टोकाला काळी कड.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये कागद उजेडासमोर धरला,
वॉटरमार्क असाच आतून वर यायचा.

टीव्हीच्या जुन्या टेबलावर पोत्याचा तुकडा,
पाय घसरू नयेत म्हणून.
पुढचे पंजे डोळ्यांच्या रेषेत, मागचे पोटाखाली.
बस म्हटलं की बसायची नाही.
गप्प राहिलो की बसायची.
हे शिकायला मला तीन आठवडे लागले.

आदल्या रात्री नखं कापायला घेतली.
टॉर्च शेजारच्या सोनवण्यांच्या निनादने धरला,
काळ्या नखातली रक्ताची रेघ एरवी दिसत नाही.
उजव्या मागच्या पायाचं तिसरं मात्र
टॉर्चशिवायच दिसलं.
पांढरं. आरपार.
इतके दिवस मी केसच बघत होतो.

निनाद खाली पळाला, काळा मार्कर घेऊन आला.
काका, कोणाला कळतंय!

आकड्याच्या पोटात मुंगीएवढी शाई सांडली
तरी अख्खं शीट बाजूला काढलेला मी माणूस.
बाद. तो झटका मनगटात अजून आहे.
टोपण उघडलं, खोटं कशाला सांगू.
वास घेतला. भुरीनेही घेतला, आणि शिंकली.
टोपण लावलं.

सकाळी डोंगरे मैदानात मांडव, कुत्र्यांचा कालवा.
डॉक्टर कातकाडे, वयाने माझ्या मुलीएवढी.
कानातला नंबर वाचला, दात पाहिले,
लोकरीत फुंकर मारली
आणि क्षणभर तशीच वाकून राहिली.
काय दिसलं, ते विचारायचं राहूनच गेलं.
मग तिने भुरीला उताणी केली.
बोट पोहोचायच्या आधी मीच बोललो,
उजवा मागचा. तिसरं.
हो, म्हणाली. लिहिलं.

रिक्षात पिंजरा निनादच्या मांडीवर.
तो माझ्याशी बोलत नव्हता.
भुरीने जाळीतून क्रमांकाचा पुठ्ठा ओढला,
द्वारकेच्या सिग्नलला सतरातला एक खाल्ला,
बिटकोपर्यंत सातही.

बाद शीटं आम्ही भट्टीत धाडायचो,
मोजून, सही करून.
हिला लसूणघास घातला, न मोजता.
रात्री पुन्हा तळवे ओले केले.
केस अजून गळतच होते.