पांढरा खल

कॉलेज रोडच्या दुकानातली मुलगी म्हणाली,
"हळद नको हं यात मॅडम, डाग जात नाही."
मग घालू काय?
ती गोंधळली. "बरेच जण नुसताच ठेवतात."

महिनाभर नुसताच होता ओट्यावर,
करड्या शिरांचा, थंडगार,
पाहुण्यासारखा अवघडून.

परवा सेकंड शिफ्ट करून सुकदेव
सातपूरहून आला, पाऊण वाजता, भुकेला.
मिक्सर लावला असता
तर खालच्या लोखंड्यांचं बाळ उठलं असतं.
लसूण, खोबरं, दोन मिरच्या,
आणि सवयीने हळद.
ठोकलं नाही, घोटलं.
दगड दगडाशी कुजबुजत राहिला.

सकाळी तळाशी पिवळा डाग, रुपयाएवढा.
लिंबाने घासला.
चमक गेली, डाग राहिला.

आता जिरंसुद्धा त्यातच कुटते.