चौथी बाटली

कॉफीच्या रिकाम्या डब्याला आतून काजळी फासली.
एका अंगाला हिरवा दिवा, हरभऱ्याएवढा,
समोर उजेड मोजणारा डोळा.
दबाला मास्तरांचं यंत्र एवढंच.

मेकीच्या पाच विहिरी, पाच बाटल्या,
पाणी सगळ्यांचं सारखंच नितळ.
फ्लोराइडला ना रंग, ना वास.
लाल औषधाचे मोजून थेंब टाकायचे,
झाकण लावायचं, थांबायचं.

पहिल्या दिवशी फटीतून ऊन शिरलं
आणि दुकानातलं सीलबंद पाणीही नापास झालं.
मास्तर इतके हसले, की गेलानेनं
डोक्यावरचा रुमाल सोडून
डब्याला गुंडाळला, आजारी माणसासारखा.

उलटाच हिशोब:
पाण्यात जितकं जास्त, तितका लाल विरतो,
जितका विरतो, तितका उजेड पार होतो.
उजेड वाढला की समजायचं, बिघडलं.

चौथी बाटली गेलानेच्या दारातली.
आकडा चढत गेला.
वही माझ्या हातात होती,
मी तो लिहिला, मग खोडला,
मग पुन्हा तोच लिहिला.

तिची आई उंबऱ्यातून म्हणाली, "किती?"
गेलानेनं सांगितलं.
आई हसली, सवयीनं तोंडावर हात नेत,
आणि या वेळी हात मध्येच खाली आणला.
"हा तर माझ्या दातांवर लहानपणीच लिहिलाय," म्हणाली,
"तपकिरी शाईत.
तुमच्या डब्याला आज वाचता आलं."

कडेवर तीन वर्षांचा तेसो.
त्याचे अजून दुधाचे, पांढरेशुभ्र.

दुसऱ्या बाटलीची विहीर अर्ध्या कोसावर आहे.
गेलानेनं पिवळा कॅन उचलला.
रुमाल डब्यावरच राहिला.